शाळेची ध्वनिमुद्रिका : ह्यूस्टन येथील कॅशमियर स्टेज बँडचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक माध्यमिक शाळांनी आपल्या वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांतील बहुतेक त्या त्या गावाबाहेर कधी पोहोचल्या नाहीत. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या कॅशमियर हायस्कूलचा 'स्टेज बँड' हा या परंपरेतील एक ठळक अपवाद होय. कॉनराड जॉन्सन या शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील दशकभरात आठ दीर्घ ध्वनिमुद्रिका काढल्या. प्रस्तुत निबंधात या ध्वनिमुद्रिकांची सामाजिक व शैक्षणिक पार्श्वभूमी, त्यांची निर्मिती व त्यांचे उत्तरकालीन भवितव्य यांचा परामर्श घेतला असून, शालेय ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य ठरते याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : जॅझ, बिग बँड, शालेय संगीतशिक्षण, ध्वनिमुद्रिका, वंशभेद, ह्यूस्टन.

१. प्रस्तावना

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहिताना अभ्यासकासमोर सामान्यतः जी साधने येतात ती कागदाची असतात. हजेरीपट, वार्षिक अहवाल, परीक्षांचे निकाल, इमारतीच्या कोनशिला व सत्कारांची छायाचित्रे यांवरून संस्थेचा विस्तार कळतो, परंतु वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले गेले आणि विद्यार्थ्यांना ते कितपत साधले हे क्वचितच कळते. उत्तरपत्रिका रद्दीत जातात, वर्गातील बोलणे हवेत विरते. संगीताच्या बाबतीत तर ही अडचण अधिकच तीव्र होते, कारण शिकवण्याचे फलित हे ऐकण्याच्या क्षणापुरतेच अस्तित्वात असते.

या पार्श्वभूमीवर शाळेने स्वतःच्या विद्यार्थ्यांची काढलेली ध्वनिमुद्रिका हे एक विलक्षण साधन ठरते. तिच्यात एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट मुलांनी, विशिष्ट शिक्षकाच्या हाताखाली मिळवलेले प्रावीण्य जसेच्या तसे टिकून राहते. असे असूनही संगीताच्या इतिहासकारांनी ती हौशी म्हणून आणि शिक्षणाच्या इतिहासकारांनी ती करमणुकीची वस्तू म्हणून बाजूला ठेवली. कॅशमियर हायस्कूलच्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास या दुहेरी उपेक्षेचा फेरविचार करावयास लावतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) अमेरिकन शाळांत जॅझ बिग बँडचा शिरकाव कसा झाला हे पाहणे.
२) कॅशमियर स्टेज बँडच्या उदयामागील स्थानिक व सामाजिक कारणे शोधणे.
३) शालेय ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीची प्रक्रिया व तिचे शैक्षणिक प्रयोजन समजून घेणे.
४) ऐतिहासिक साधन म्हणून अशा ध्वनिमुद्रिकेची बलस्थाने व मर्यादा तपासणे.

अभ्यासाचा मुख्य कालखंड १९६७ ते १९७८ हा असून, पुनःप्रकाशनाच्या संदर्भात त्यापुढील काळाचाही विचार केला आहे. अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. 'स्टेज बँड' : एका नावाचा इतिहास

बिग बँड म्हणजे साधारणपणे सतरा-अठरा वादकांचा जॅझ वाद्यवृंद. त्यात पाच सॅक्सोफोन, चार किंवा पाच ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा तालविभाग अशी रचना असते. १९३० च्या दशकात व १९४० च्या पूर्वार्धात हेच अमेरिकेचे लोकप्रिय संगीत होते. तथापि शाळांनी त्याला सहजासहजी दार उघडले नाही. 'जॅझ' या शब्दाला नाइट क्लब, मद्य आणि रात्रीचे जागरण यांचा वास येत असे, आणि या संगीताचे जनकत्व कृष्णवर्णीयांकडे होते हीदेखील अनेक शिक्षणाधिकाऱ्यांच्या दृष्टीने अडचणच होती.

१९४७ साली टेक्सासमधील डेंटन येथील नॉर्थ टेक्सास स्टेट टीचर्स कॉलेजने जॅझच्या शिक्षणाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्याला 'डान्स बँड' असे नाव द्यावे लागले. माध्यमिक शाळांत 'डान्स' हा शब्दही आक्षेपार्ह वाटू लागल्यावर 'स्टेज बँड' ही संज्ञा रूढ झाली. रंगमंचावर बसून वाजवणारा वाद्यवृंद, एवढाच निरुपद्रवी अर्थ त्या नावातून निघत होता. शब्द बदलून आशय आत आणण्याची ही युक्ती पुढे बरीच वर्षे चालली.

१९५७ साली न्यूयॉर्क राज्यातील फार्मिंगडेल हायस्कूलच्या वाद्यवृंदाने मार्शल ब्राऊन या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात वादन केले. शाळकरी मुलेही हे संगीत गांभीर्याने वाजवू शकतात याचा तो जाहीर पुरावा होता. त्यानंतर दशकभराने, १९६७ साली मॅसॅच्युसेट्समधील टँगलवूड येथे भरलेल्या संगीतशिक्षकांच्या परिसंवादाने सर्व काळांतील, शैलींतील व संस्कृतींतील संगीताला अभ्यासक्रमात स्थान असावे असे घोषित केले. १९६८ मध्ये जॅझ शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अशा रीतीने शाळेच्या मागील दाराने आलेल्या या संगीताला अधिकृत मान्यता मिळू लागली तो काळ आणि कॅशमियर स्टेज बँडच्या उदयाचा काळ एकच आहे, ही बाब लक्षणीय होय.

४. ह्यूस्टनची पार्श्वभूमी

कॅशमियर गार्डन्स ही ह्यूस्टनच्या ईशान्य भागातील प्रामुख्याने कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची वस्ती आहे. शहरातील शाळा त्या काळी वंशाच्या आधारे विभागलेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ही विभागणी घटनाबाह्य ठरवली, तरी ह्यूस्टनमध्ये अंमलबजावणीला १९६० साल उजाडले आणि तीही पहिलीपासून दरवर्षी एक इयत्ता अशा संथ गतीने सुरू झाली.

या विभागणीची एक बाजू अन्यायाची होती, तर दुसरी बाजू कृष्णवर्णीय शाळांनी त्या अन्यायाच्या आत निर्माण केलेल्या गुणवत्तेची होती. ह्यूस्टनच्याच फिलिस व्हीटली हायस्कूलमधून इलिनॉय जॅके व आर्नेट कॉब हे टेनर सॅक्सोफोनवादक पुढे आले. जॅके यांनी १९४२ मध्ये लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात केलेले 'फ्लाइंग होम' या रचनेतील एकलवादन अमेरिकाभर गाजले. 'क्रुसेडर्स' या नामांकित जॅझ गटाचे संस्थापकही याच शाळेचे विद्यार्थी होते. अन्य क्षेत्रांची दारे बंद असल्याने उच्चशिक्षित कृष्णवर्णीय संगीतकार मोठ्या संख्येने शाळांत शिक्षक होत, आणि त्यामुळे या शाळांना असे गुरू लाभत की ज्यांच्या योग्यतेला शहरातील एरवीच्या संस्था पारख्या राहिल्या.

स्पर्धांच्या क्षेत्रातही विभागणी होती. टेक्सासमधील कृष्णवर्णीय शाळांच्या क्रीडा व कला स्पर्धा 'प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग' या स्वतंत्र मंडळामार्फत होत असत. हे मंडळ १९६७ नंतर टप्प्याटप्प्याने श्वेतवर्णीय शाळांच्या मंडळात विलीन होऊ लागले व १९७० मध्ये संपुष्टात आले. म्हणजेच कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय शाळा एकाच मांडवात, एकाच परीक्षकांसमोर उभ्या राहण्याची शक्यता नेमकी याच वर्षांत निर्माण झाली. कॅशमियरच्या मुलांच्या वादनामागील ईर्षा समजून घेण्यासाठी हा संदर्भ आवश्यक आहे.

५. कॉनराड जॉन्सन आणि बँडची जडणघडण

कॉनराड जॉन्सन यांचा जन्म १९१५ साली टेक्सासमधील व्हिक्टोरिया येथे झाला. बालपणीच कुटुंबासह ते ह्यूस्टनला आले. वायली कॉलेजमध्ये शिक्षण घेऊन १९४१ पासून त्यांनी संगीतशिक्षकाचा पेशा पत्करला आणि तो सदतीस वर्षे सांभाळला. ते स्वतः सॅक्सोफोनवादक व रचनाकार होते. १९४० च्या दशकात त्यांनी स्वतःच्या लहान वाद्यवृंदासह ह्यूस्टनमध्ये ध्वनिमुद्रणेही केली होती. व्यावसायिक वादकाचे फिरते आयुष्य न स्वीकारता त्यांनी घर, गाव व शाळा यांची निवड केली. विद्यार्थी त्यांना 'प्रॉफ' म्हणत.

१९६७ साली ओटिस रेडिंग या गायकाचा कार्यक्रम पाहिल्यानंतर जॉन्सन यांच्या विचारांना निर्णायक वळण मिळाले. रेडिंग यांच्या सादरीकरणातील जोम, देहबोली आणि प्रेक्षकांशी जुळणारे नाते शाळेच्या बिग बँडमध्ये आणता येईल असे त्यांच्या लक्षात आले. त्या वेळचे बहुतेक शालेय बँड खुर्चीवर बसून, स्वरलेखनावर नजर ठेवून, काउंट बेसी किंवा स्टॅन केंटन यांच्या धर्तीच्या रचना वाजवत. जॉन्सन यांनी बिग बँडची शिस्त कायम ठेवली, परंतु तिच्यात त्या काळच्या कृष्णवर्णीय तरुणांचे स्वतःचे संगीत, म्हणजे सोल आणि फंक, भरले. मुले एका लयीत डुलत, वाद्ये एकदम उंचावत, पावले टाकत वाजवू लागली.

या बदलाचे शैक्षणिक महत्त्व मोठे आहे. मुले घरी रेडिओवर जे ऐकत होती ते शाळेत निषिद्ध न मानता, त्याच्याच आधारे सूर जुळवणे, स्वरलेखन वाचणे, विभागाने एकत्र श्वास घेणे आणि उत्स्फूर्त स्वरविस्तार करणे ही कठीण कौशल्ये शिकवली गेली. जॉन्सन यांनी मुलांच्या आवडीला वर्गात जागा दिली, परंतु तालमीच्या काटेकोरपणात सवलत दिली नाही. १९७२ मध्ये अलाबामा राज्यातील मोबील येथे झालेल्या अखिल अमेरिकन हायस्कूल स्टेज बँड महोत्सवात कॅशमियरचा बँड देशातील सर्वोत्कृष्ट ठरला. पुढे त्याने युरोप व जपानचे दौरेही केले. ज्या वस्तीतील मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकालाही जाण्याचे फारसे प्रसंग येत नसत, त्यांच्यासाठी या प्रवासाचे मोल संगीतापलीकडचे होते.

६. ध्वनिमुद्रिकेची निर्मिती

शाळेची ध्वनिमुद्रिका निघणे ही त्या काळी दुर्मीळ घटना नव्हती. १९४८ मध्ये दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि त्याच सुमारास चुंबकीय फितीवरील ध्वनिमुद्रण सुलभ झाले. त्यामुळे छोट्या मागणीवरही ध्वनिमुद्रिका छापून देणारा एक उद्योगच अमेरिकेत उभा राहिला. कॅलिफोर्नियातील सॉगस येथील सेंच्युरी रेकॉर्ड्स ही अशी एक मोठी कंपनी होती. गावोगावचे तिचे प्रतिनिधी शाळेच्या सभागृहात यंत्रसामग्री घेऊन येत, मैफल मुद्रित करत आणि मागणीप्रमाणे प्रती पुरवत. ग्राहक म्हणजे मुख्यतः विद्यार्थी, पालक व माजी विद्यार्थी. आपल्याकडील महाविद्यालयांच्या वार्षिकांकाचे जे स्थान, तेच तेथे या ध्वनिमुद्रिकांचे होते.

फितीवरील ध्वनिमुद्रणावरून प्रथम लाखेचा लेप दिलेल्या तबकडीवर खाच कोरली जाई. तिच्यावर धातूचा मुलामा देऊन उलटे ठसे तयार करत आणि त्या ठशांच्या दाबाखाली प्लास्टिकच्या प्रती निघत. एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटांचे वादन मावत असे. पहिली प्रत काढण्याचाच खर्च मोठा असल्याने ध्वनिमुद्रणाला वेळ कमी मिळे. व्यावसायिक कलावंताला चूक झाल्यास पुनःपुन्हा मुद्रण करण्याची मुभा असे. शाळेला ती चैन परवडणारी नव्हती. शिवाय ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही वाद्ये ओठांच्या स्नायूंवर चालतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे ओठ काही तासांच्या वादनानंतर थकतात व वरचे सूर बसू लागतात. त्यामुळे सर्व तयारी तालमीतच पूर्ण करून ध्वनिमुद्रकासमोर बसणे भाग असे.

कॅशमियर स्टेज बँडच्या ध्वनिमुद्रिका क्रॅम रेकॉर्ड्स या छोट्या नाममुद्रेवर निघाल्या. त्यांत इतरांच्या लोकप्रिय रचना होत्या तशा जॉन्सन यांच्या स्वतःच्याही होत्या. 'ऑल प्रेजेस' ही त्यांपैकी एक. जेम्स ब्राऊन यांची 'सुपर बॅड' किंवा डेनिस कॉफी यांची 'स्कॉर्पिओ' या रचना बिग बँडसाठी बसवताना मूळ गाण्यातील कंठ अथवा गिटार यांचे काम सॅक्सोफोन, ट्रम्पेट व ट्रॉम्बोन यांच्या विभागांत वाटून द्यावे लागते. ही वाटणी करताना प्रत्येक मुलाची ताकद ओळखून त्याला झेपेल पण थोडे ताणेल असा भाग देणे, हे शिक्षकाचे खरे कसब होय. इतर बहुतेक शाळा प्रकाशकांकडून तयार छापील संयोजने विकत घेत. कॅशमियरच्या ध्वनिमुद्रिकांतील स्वतंत्र रचना म्हणूनच विशेष उल्लेखनीय ठरतात.

७. ऐतिहासिक साधन म्हणून विचार

या ध्वनिमुद्रिकांचे पहिले बलस्थान त्यांच्या मालिकेत आहे. हायस्कूलचा विद्यार्थी तीन-चार वर्षांत बाहेर पडतो, म्हणजे दशकभरात बँडमधील सर्व वादक अनेकदा बदलले. तरीही नाद, लयीची घट्टपणा आणि विभागांचा एकजीवपणा टिकून राहिला. एखाद-दुसरी गुणी पिढी योगायोगाने लाभली, असे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. यश अध्यापनपद्धतीचे होते, हा निष्कर्ष एका ध्वनिमुद्रिकेवरून काढता आला नसता, तो मालिकेमुळे काढता येतो.

दुसरे बलस्थान असे की, ही कृष्णवर्णीय शाळेने स्वतःविषयी दिलेली साक्ष आहे. तत्कालीन अहवालांत अशा शाळांचे चित्र बहुधा उणिवांच्या यादीतून उभे राहते : अपुऱ्या इमारती, जुनी पुस्तके, कमी गुण. या उणिवा खऱ्या होत्या आणि त्यांची नोंद न्यायालयीन लढ्यासाठी आवश्यकही होती. परंतु केवळ त्यांवर विसंबल्यास तेथे शिकवणाऱ्यांचे व शिकणाऱ्यांचे कर्तृत्व इतिहासातून नाहीसे होते. ध्वनिमुद्रिका ही उणीव भरून काढते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. बँडच्या कीर्तीचा मोठा भाग असलेले पदन्यास व हालचाली ध्वनिमुद्रिकेत येत नाहीत. ऐकू येते ते निवडलेले, उत्तम उतरलेले वादन असते. तालमीतील चुका, निवड न झालेली मुले, वाद्यांसाठी केलेली पैशांची जुळवाजुळव यांविषयी ती मूक असते. म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी व चित्रफिती यांच्या जोडीनेच तिचा वापर करणे इष्ट ठरते.

८. उत्तरकाल

जॉन्सन १९७८ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर बँडला पूर्वीचे वैभव राहिले नाही आणि ध्वनिमुद्रिका विस्मृतीत गेल्या. त्यांचे पुनरुज्जीवन शिक्षणक्षेत्राबाहेरून झाले. हिपहॉप संगीतातील डीजे जुन्या ध्वनिमुद्रिकांतील ड्रमचे मोकळे तुकडे शोधत जुन्या बाजारांत फिरत. त्यांना कॅशमियरच्या तबकड्यांत विद्यार्थ्यांचे नव्हे तर कसलेल्या व्यावसायिकांचे भासावे असे वादन सापडले. संग्राहकांत या तबकड्यांची किंमत वाढत गेली. अखेर २००६ मध्ये नाऊ-अगेन रेकॉर्ड्सने 'टेक्सास थंडर सोल १९६८–१९७४' या नावाने निवडक वादन पुनःप्रकाशित केले.

येथे एक कायदेशीर बाब विचारात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या स्वामित्वहक्क कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले. त्यापूर्वीची मुद्रणे राज्याराज्यांच्या विसंगत नियमांवर अवलंबून होती. ही तफावत दूर करण्यासाठी २०१८ चा कायदा यावा लागला. शालेय ध्वनिमुद्रिका काढताना कोणीच भविष्यातील हक्कांचा विचार केलेला नसे. अशा स्थितीत मूळ वादकांचा व शिक्षकाचा मान राखून झालेले पुनःप्रकाशन आणि अनामिक तुकडे उचलून केलेला वापर यांतील नैतिक अंतर नजरेआड करता येत नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये बँडचे माजी विद्यार्थी आपल्या गुरूसाठी पुन्हा एकत्र आले. अनेकांनी तीस वर्षांहून अधिक काळ वाद्याला हात लावला नव्हता. तालमी करून त्यांनी शाळेत मैफल सादर केली. जॉन्सन यांनी ती ऐकली आणि त्यानंतर लगेचच, ३ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या पुनर्मीलनावर मार्क लँड्समन यांनी दिग्दर्शित केलेला 'थंडर सोल' हा माहितीपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला.

शाळेची वाटचाल मात्र वेगळ्या दिशेने झाली. २०१० च्या दशकात कॅशमियर हायस्कूल राज्याच्या मूल्यमापनात सलग अनेक वर्षे अपुरे ठरले. जॅके व कॉब यांच्या व्हीटली हायस्कूलचीही अशीच अवस्था झाली, आणि त्या शाळेच्या निकालांच्या कारणावरून जून २०२३ मध्ये टेक्सास राज्याने ह्यूस्टनच्या संपूर्ण शालेय मंडळाचा कारभार आपल्याकडे घेतला. ज्या दोन शाळांनी शहराला संगीतात जगन्मान्यता मिळवून दिली, त्याच शाळा गुणांच्या तक्त्यात तळाला दिसाव्यात यातून मूल्यमापनाच्या निकषांविषयी गंभीर प्रश्न निर्माण होतो. अर्थात, संगीतातील यशाने वाचन-गणितातील उणीव झाकावी असा याचा अर्थ नाही. गुणांच्या तक्त्यात ज्याला रकानाच नाही असे शिक्षण किती सहज नष्ट होऊ शकते, एवढेच त्यातून सूचित होते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) अमेरिकन शाळांत जॅझचा प्रवेश हा नाव बदलून, टप्प्याटप्प्याने व दीर्घ विरोधानंतर झाला. कॅशमियर बँडच्या उदयाच्या वेळी ही प्रक्रिया मान्यतेच्या उंबरठ्यावर होती.

२) बँडचे यश हे वंशभेदाच्या व्यवस्थेत कृष्णवर्णीय शिक्षकांनी जोपासलेल्या परंपरेचे आणि स्पर्धा सर्वांना खुल्या होण्याच्या काळाचे संयुक्त फलित होते.

३) विद्यार्थ्यांच्या परिचयाचे संगीत आणि काटेकोर शिस्त यांचा मेळ हे जॉन्सन यांच्या अध्यापनाचे सूत्र होते. वादक बदलत असतानाही गुणवत्ता टिकून राहिली हा त्याचा पुरावा ध्वनिमुद्रिकांच्या मालिकेत मिळतो.

४) शालेय ध्वनिमुद्रिका हे शिक्षणाच्या इतिहासाचे ग्राह्य साधन आहे, मात्र ते इतर साधनांच्या जोडीने वापरावे लागते.

५) या ध्वनिमुद्रिका टिकल्या त्या संग्राहकांच्या छंदामुळे. शिक्षणसंस्थेने त्या जतन केल्या म्हणून नव्हे. इतर असंख्य शाळांच्या बाबतीत असा योगायोग घडला नाही, आणि पुढेही घडेल याची शाश्वती नाही. शिक्षणसंस्थांनी आपल्याकडील ध्वनिमुद्रणे व चित्रफिती यांची नोंद करून, वादकांची नावे व तारखा लिहून, त्यांचे अंकीय प्रतींत जतन करणे हे ग्रंथालयाच्या नित्य कामाचा भाग समजले जावे. हे काम संबंधित शिक्षक व विद्यार्थी हयात असेतोवरच नीट होऊ शकते.